पाडाची वाट

चेंबरचं दार उघडायच्या आधी मी खाकरते. लातूरला या फळं पिकवायच्या कामावर लागले तेव्हापासूनची ही सवय आहे आणि त्यावरून सगळे मला हसतात. "आत कोण नवरदेव बसलाय का, ताई?" असं आमचे टेम्पोवाले मामा विचारतात. मामा उदगीरकडचे. त्यांना उत्तर दिलं तरी ते हसतात, न दिलं तरी हसतात.

सवय घरची आहे. इस्लापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला आमचं गाव. तिथं माझी माय सीताफळांचा माच घालायची. म्हणजे अंधाऱ्या खोलीत गवताच्या थरांमध्ये फळं पिकायला ठेवायची. त्या खोलीत जायचं तर उंबऱ्यावर थांबायचं, खाकरायचं, मग पाऊल टाकायचं. का, म्हणून विचारलं की ती म्हणायची, "आत पितर बसलेले असतेत माय. त्यांना उठायला येळ द्यावा." ते सापासाठी होतं, हे मला मोठेपणी कळलं. गवताच्या उबेला साप येऊन बसतो. पण तोवर भीती अंगात मुरली होती. नंतर कळलेल्या कारणानं ती गेली नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात कामाला हात कमी होते. गावातली एक बाई लातूरला डाळमिलमध्ये होती, तिच्या मागं मी आले. आधी डाळ निवडली, मग इथं लागले. इथल्या सरांनी दाखला मागितला नाही. रोज वेळेवर येशील का, एवढंच विचारलं आणि मागची खोली राहायला दिली. त्या उपकाराची मला अजून धास्ती वाटते. कुणी चांगलं वागलं की मला वाटत राहतं, माझ्या हातून आता काहीतरी बिघडणार. म्हणून दाराची कडी मी लावते, दोन पावलं जाते आणि परत येऊन बघते.

आमच्याकडं मुख्य काम केळीचं. अर्धापूरकडून, म्हणजे आमच्याच नांदेड जिल्ह्यातून, ट्रक येतात. बंद खोलीत थंडावा ठेवून थोडा ग्यास सोडतात, फळ हळूहळू पिकतं. फळं आत श्वास घेत असतात, त्यानं हवा जड होते. दार उघडून थोडं थांबायचं, ती हवा बाहेर जाऊ द्यायची आणि मग आत जायचं, असा नियमच आहे. सरांनी तो पहिल्या दिवशी सांगितला तेव्हा मी दचकले. माय वेगळं काय सांगत होती?

अवोकाडो नंतर आलं. मामा त्याला बटर म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच बटर म्हणतो. आधी ते कर्नाटकातून यायचं आणि काही तर जहाजानं, परदेशातून. सरांच्या मनात होतं की जे फळ इथल्या मातीत येतं ते इतक्या लांबून कशाला आणायचं. जवळच्या शेतकऱ्यांनी झाडं लावावीत, बाजार मागेल तेवढंच तोडावं, बाकीचं झाडावर राहू द्यावं. कारण हे फळ झाडावर पिकत नाही. तयार झालं तरी कडकच राहतं, तोडल्यावर मऊ पडतं. "झाड हेच आपलं गोदाम," असं सर म्हणायचे. पण त्या गोदामालाही मुदत असते. फार दिवस ठेवलं की फळं गळतात, आतल्या बीला कोंब फुटतो, आणि मग ती कुणाच्या कामाची नसतात.

औशाच्या पुढच्या एका गावातल्या पोरानं अशी झाडं लावली होती. मी त्याला कधी पाहिलं नाही. युनिटचा फोन माझ्याकडं असतो, त्यावर तो आवाज पाठवायचा. "ताई, मी बोलून राहिलो. लई फुलं आलीत औंदा, पण गळून राहिली, काय करू?" मी सरांना विचारून सांगायचे. एकदा त्यानं विचारलं, "ताई, चव कशी असती हो याची? झाडं तर लावून बसलो." मी सांगितलं, लोण्यासारखी म्हणतात. त्यावर त्याचा हसण्याचाच आवाज आला आणि मग, "लोणी तर घरीच हाय की मग."

गेल्या वर्षी जेठात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला. लग्नाचं बघून राहिले होते. त्याचे आवाज फोनमध्ये तसेच आहेत. ते पुसायला माझा अंगठा धजला नाही, आणि ऐकायलाही नाही. पण फोन खिशात असला की मला वाटायचं, खिशात कुणीतरी गप्प बसलेलं आहे.

या वर्षी त्याच्या झाडांना पहिल्यांदाच नीट माल लागला. श्रावण सरत आला तेव्हा सरांनी त्याच्या वडिलांना, आण्णांना, फोन केला. आण्णा म्हणाले, पाड लागला की देतो. सरांनी पुन्हा पुन्हा समजावलं. आण्णांचं उत्तर तेच. शेवटी सर मला म्हणाले, "तू जाऊन बघ. पोराशी तूच बोलायचीस, तुझं ऐकतील. या पावसात फळं गळाली तर संपलं सगळं. आणि पहिलीच बाग अशी गेली तर दुसरं कोण लावणार आहे इथं?"

मामांच्या टेम्पोतून गेले. बांधाच्या आत दोन ओळी झाडं, गडद पानांची, आणि पानाआड हिरवी जड फळं. आण्णा त्यांच्यामध्ये बाज टाकून बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "झाडावर पिकत न्हाई म्हणता?"

"नाही आण्णा. तोडल्यावर पिकतं."

"मग झाड काय करतंय?"

"वाढवतं."

"हां. वाढवायचं झाडानं आन् पिकवायचं तुमच्या डब्यानं."

मामा हसले. आण्णा हसले नाहीत. "आंबा असू, चिक्कू असू, पाड लागतोच. झाड आपल्या हातानं एक फळ पिकवून खाली टाकतंय. म्हणतंय, या आता. साठ वर्सं हेच बघून राहिलो मी. पितरांच्या पंधरवड्यात पोराची तिथ हाय. वर्स सरल्यावरचे पहिलेच पितर त्याचे. पाडाचं फळ त्याच्या पानावर ठेवायचं हाय मला, त्याच्या झाडाचं. तवर न्हाई लागला तर झाडं खोटी समजायची. मोडून टाकीन आन् हरभरा पेरीन."

झाडाखाली काही फळं पडलेली होती. मी एक उचललं. "आणि ही, आण्णा?"

"ती वाऱ्यानं पडलेली. बघा की, दगड हायेत नुसते."

तेवढ्यात मावशी, म्हणजे पोराची आई, घरातून आल्या. पदराखाली काहीतरी होतं. आण्णांकडं न बघता त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. असंच एक पडलेलं फळ त्यांनी ज्वारीच्या कणगीत घालून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. कच्चं फळ दिसलं की हात धान्याकडं जातो तसंच. मी अंगठा ठेवला. आत लोणी होतं.

"आण्णा, हात लावा जरा."

त्यांनी लावला. बराच वेळ धरून राहिले. मग मावशींना म्हणाले, "मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही पाडाची वाट बघून राहिलेले. मी कशाला मधी बोलू?"

"हे वाऱ्याचंच हाय," म्हणून त्यांनी फळ परत दिलं. पण आवाज आधीसारखा नव्हता.

आम्ही निघालो. मावशी टेम्पोपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फोनवरची ताई तुम्हीच का? त्याचा आवाज हाय म्हणं तुमच्या फोनात." लावावा की लावू नये? नाही म्हणायला जीभ वळली नाही. जो हाताला लागला तो लावला. त्यात तो ठिबकच्या नळीचं काहीतरी विचारत होता. मधेच लांबून कुणीतरी ओरडलं, "आरं ये की जेवायला. किती वरडू?" तो "आलो, आलो" म्हणाला आणि आवाज संपला.

मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी भाकर करपली होती."

आण्णा बाजेवरून उठून उभे राहिले होते. तो ओरडणारा आवाज त्यांचाच होता. ते आमच्याकडं बघत नव्हते, घराच्या वाटेकडं बघत होते. मी त्या वाटेकडं बघायचं टाळलं. मामांनीही टाळलं असावं, कारण ते उगीच आरसा पुसत बसले.

मग आण्णा मधल्या झाडाकडं गेले, एका फळावर हात ठेवला आणि मला हाक मारली. देठ थोडा ठेवून कसं कापायचं ते मी दाखवलं. त्यांनी स्वतः कापलं. "घेऊन जा. तिथीला पिकवून आणा. मऊ झालं तर बाकीचं न्या. सुकून चामडं झालं तर मला समजावायला यायचं न्हाई पुन्हा." आणि मी टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "ग्यास लावू नका त्याला. पितराला ग्यासचं चालत न्हाई."

ते फळ चेंबरमध्ये ठेवता येईना. माझ्या खोलीत ज्वारीच्या डब्यात ठेवलं, सोबत एक पिकलेलं केळं, त्याच्या संगतीनं लवकर व्हावं म्हणून. तयार व्हायच्या आधी तोडलेलं बटर कधीच पिकत नाही. सुरकुततं आणि रबरासारखं होतं. बाहेरून काही कळत नाही, रंग तोच हिरवा. जास्त दाबावं तर आत काळा डाग पडतो. मी कामावरून मधे येऊन झाकण उघडायचे, हात पुढं करायचे आणि मागं घ्यायचे.

त्या दिवसांत मी माझ्याच खोलीच्या दाराशी खाकरायला लागले. दुपारचं लख्ख ऊन असायचं, बाहेर क्रेट धुवायचा आवाज असायचा, तरी कुलूप काढताना वाटायचं, आत कुणीतरी डब्याजवळ बसलेलं आहे आणि मला विचारणार आहे, ताई, चव कशी असती हो? एकदा मामांनी मला तिथं खाकरताना बघितलं. त्या दिवशी ते हसले नाहीत. त्यानं मला जास्तच भीती वाटली.

तिथीच्या आदल्या दिवशी देठाजवळ अंगठा किंचित आत गेला. मी डब्याला पाठ लावून खाली बसले आणि मायला फोन केला. तिला काही सांगितलं नाही, जेवलीस का विचारलं.

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या घरी पानावर खीर, वडे, कढी, सगळं वाढलेलं होतं, एका बाजूला जागा मोकळी ठेवून. आण्णांनी फळ चिरलं. पिवळसर गर आणि बीवरचं साल वाळून तपकिरी झालेलं. म्हणजे फळ पुरतं तयार होतं. ते हातात धरून आण्णांनी विचारलं, "त्यानं चाखलं होतं का कधी?"

"नाही, आण्णा," मी म्हणाले.

त्यांनी अर्धं पानावर ठेवलं आणि हात जोडले.

नंतर राहिलेलं अर्धं सगळ्यांना बोटबोट दिलं. आण्णांनी जिभेवर ठेवलं. "काय चव हाय ह्याला?"

"लोण्याची म्हणतेत," मामा म्हणाले.

"लोण्याला मीठ तरी लावतो आपण."

मावशींनी गुळाचा खडा पुढं केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. "त्यानं एवढं पाणी घातलं ह्याला," त्या म्हणाल्या.

आण्णा हात धुऊन आले. "तोडा," म्हणाले. मामा क्रेट उतरवायला लागले. "ते मधलं झाड सोडून."

"का, आण्णा?"

"ते त्यानं पहिलं लावलेलं."

मला बोलावं लागलं. फळं वाया जातील म्हणून सरांनी मला पाठवलं होतं. "आण्णा, त्याला पाड लागणार नाही."

"ठाव हाय."

मी वळले तेव्हा ते माझ्या पाठीमागं म्हणाले, "लागला तर?"

बाकीच्या झाडांचा माल नीट पिकला, बाजारात गेला. सर खूश झाले आणि मला वाटलं, चला, थोडे दिवस तरी माझी जागा पक्की. आण्णांनी हरभरा पेरला, पण बाजूच्या तुकड्यात. मधलं झाड तसंच आहे. दिवाळी गेली, थंडी आली, त्याची फळं एकेक करून गळतात. आण्णा रोज ती उचलून दाबून बघतात, असं मामा सांगतात.

मामांचा टेम्पो त्या बाजूनं आला की मी विचारते, "पाड लागला का?"

आधी ते हसले असते. आता गाडीची चावी काढतात आणि म्हणतात, "अजून न्हाई."

मग मी चेंबरकडं जाते. कडीवर हात ठेवते, खाकरते आणि आत असेल त्याला उठायला वेळ देते.