अमावास्येला फिरलेलं चाक

दगडाबाई आमच्या प्रयोगशाळेत झाडू मारायला आली. तिचं माहेर-सासर दोन्ही मेंढपाळांचं. घोंगड्यांसाठी लोकर कातण्यात तिचा जन्म गेलेला. नवरा वारल्यावर राणीसावरगावला दिराच्या दारात दोन वर्षं काढून ती परभणीला आली होती. परत तिथं जायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

तिचा हात मला कळला तो एका सकाळी. करडईचा पाला वाटून त्याच्या पेशींतले कण आम्ही वेगळे करत होतो. काचेच्या नळीत तळाशी दाट साखरपाणी, त्यावर पातळ, त्यावर आणखी पातळ, असे थर न मिसळता ओतायचे. वर पाल्याचा रस सोडायचा आणि नळी यंत्रात बसवून दांडा हातानं फिरवायचा. जड कण खाली जातात, हलके वर अडकतात आणि नळीत वेगवेगळे पट्टे दिसतात. माझे थर मात्र नेहमी मिसळत.

"बाई, लय घाई करायलाव. द्या हिकडं," दगडाबाई म्हणाली. तिनं नळी तिरपी धरून काठाकाठानं ओतलं. दांडा एका लयीत फिरवला आणि सोडून दिला. मी थांबवायला हात पुढे केला तर म्हणाली, "हात लावू नका. आपसूक थांबू द्या. चरखा आडवला की सूत तुटतंय."

त्या दिवसापासून ते काम तिचंच झालं. कारकून बन्सीधर चिडवायचा, "काय दगडाबाई, आमच्यासाठी सरबत करायलाव का?"

"या की. थर लावून नरड्यात वतते."

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून हंगामी माणसं कमी करण्याच्या याद्या निघत होत्या. दगडाबाईचं नाव यादीत होतं. तपासणीचे साहेब येणार, तिचं काम बघणार आणि ठेवायचं की नाही ते ठरवणार, असं कळलं. आदल्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली.

"बाई, उद्या पौषातली आवस हाय. आमच्यात आवसंला चाक फिरवत न्हाईत. कळपाला बाधा हुती."

"हा काय चरखा आहे?"

"चाक ते चाकच की."

माझ्या मुलीला, कुंदाला, गोवर निघाला होता, तीन दिवस ताप उतरत नव्हता. मला घरी पळायचं होतं. एक दिवस पुढे ढकला, असं मी साहेबांना कळवू शकले असते. मी म्हटलं, "थर तू लाव, दांडा बन्सीधर फिरवेल."

बन्सीधरनं दांडा चांगला फिरवला. पण साहेबांनी घड्याळ बघितलं आणि बन्सीधरनं घाईनं दांडा धरून थांबवला. नळीत नुसता हिरवा गढूळ रस.

"हीच का ती बाई?" साहेब म्हणाले. "हिला थर जमतात म्हणे."

"चूक थांबवण्यात झाली, साहेब," मी म्हटलं.

"मग हिनं का नाही फिरवलं?"

मी दगडाबाईकडे बघितलं. तिनं दुसरी नळी घेतली, थर लावले, रस सोडला. पदर खोचला, डोळे मिटून क्षणभर उभी राहिली आणि दांड्याला हात घातला. तिनं खांद्यापासून हात चालवला, एका लयीत. मग सोडून दिला.

साहेब व्हरांड्यात गेले होते. जीप सुरू झाली. "झालं का?" बन्सीधर ओरडला.

"थांबंल तवा हुईल."

यंत्र थांबलं. दगडाबाईनं नळी दोन बोटांत धरली आणि ती व्हरांड्यापर्यंत चालत गेली. साहेबांनी उन्हात नळी धरून बघितली. दोन हिरवे पट्टे आणि तळाशी पांढुरका थर, अगदी स्पष्ट. "ठीक," एवढंच म्हणून त्यांनी ती परत दिली.

संध्याकाळी ती मोटार अड्ड्यावर गेली होती. राणीसावरगावकडून कुणी आलं असेल तर मेंढरं बरी आहेत का, ते विचारायला. बरी होती. कुंदाचा ताप चौथ्या दिवशी उतरला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मी तिला वाचून दाखवला. कायम नाही, आणखी सहा महिने हंगामी. पुढची तपासणी कधीही, न कळवता.

"सा महिने म्हंजी सा आवसा," ती म्हणाली आणि नळ्या विसळायला बसली.