आधी न्हाई, मग हाय

“विहिरीकडं पळा! आधी विहिरीकडं पळा कुणीतरी!”

गोदाक्का ओरडत होती. माझी ही थोरली बहीण ओरडली की पुसेगावच्या बाजारातले बैल दावं तोडतात, असं मी आजवर सांगत आलो. त्या सकाळी मात्र मस्करी सुचली नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती, आणि वर्गाचं हिरवं दार सुट्टीत कुणीतरी हौसेनं निळं रंगवलं होतं. ते पाहून माझी लेक मुक्ता किंचाळली आणि कान दाबून पळाली. लेकरू स्वमग्न आहे. ठरलेली एक वस्तू बदलली तरी तिच्या लेखी आभाळ जागचं हलतं... मी विहिरीत वाकलो. पाणी काळं, गप्प. इतका वेळ पाहत राहिलो की त्यात मला माझं म्हातारपण दिसलं.

सापडली आमच्याच शेळ्यांच्या गोठ्यात, मुटकुळं करून. मी उचलायला धावलो, तर आक्कानं माझा सदरा असा ओढला की त्याची बटणं अजून सापडायची आहेत. ती लेकराकडं पाठ करून खाली बसली. “दार हिरवं न्हाई. दार निळं हाय. बाई हायेत. घंटा हाय.” पुन्हा तेच, पुन्हा तेच, मुक्ता बाहेर येईपर्यंत.

ही तिची शेळ्यांशी बोलायची रीत. करडू बाजारात विकलं की संध्याकाळी ती शेळीच्या कानाशी सांगायची, करडू न्हाई, पाला हाय. शेळीला काय कळतं गं, म्हणून मी खिदळायचो. “वरडायची थांबती,” एवढंच ती म्हणायची.

तेव्हापासून रोज शेळ्या बांधताना मुक्तेला उद्याचं सांगणं सुरू झालं. आधी काय नसेल ते, मग काय असेल ते. बाई रजेवर जाणार, बाकं हलणार, लस टोचायला कुणी येणार, तर आदल्या दिवशी फोन यायलाच पाहिजे, असा दम आक्कानं शाळेला भरला होता. सांगण्याचा शेवट ठरलेला, घंटा हाय. शाळा सुटायची घंटा. ती वाजली की आत्या फाटकात उभी. निळं दार मुक्तेनं आधी लांबून पाहिलं, मग बोट लावून, मग कधीतरी आत पाऊल टाकलं. औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ याहून लवकर बांधून झालं असेल.

अन् ही आक्का स्वतः गेली ती आदल्या दिवशी न सांगता. सकाळी चुलीपुढं बसली होती, तशीच कलंडली... माणसं रडत होती आणि मी मुक्तेकडं बघत होतो. ती रडली नाही. तिचं शाळेत जाणं मात्र सुटलं. संध्याकाळ झाली की दावणीपाशी येऊन उभी राहायची, वाट बघत. सांगणार कोण? अख्खी एसटी हिंगोलीपर्यंत नुसत्या थापांवर ओढून नेणारा मी, पण तिला तिथं पाहिलं की मागच्या दारानं सटकायचो. ‘न्हाई’ म्हटलं आणि लेकरू पुन्हा पळालं, या खेपेला खरंच विहिरीकडं, तर?

महिना उलटल्यावर बाईंचा फोन आला, उद्या पाठवून तर बघा. संध्याकाळी मी दावणीकडं गेलो. खुंट्यांना अजून आक्काच्याच हातच्या गाठी. आत्या नागनाथाला गेलीय, येईल, अशी थाप अगदी ओठांवर आली होती. मुक्तेनं माझ्या हातातलं दावं घेतलं.

“मुक्ते,” मी कसंबसं म्हणालो, “उद्या शाळा... जाशील का माय?”

शेळीकडं बघत ती म्हणाली, “आत्या न्हाई. घंटा हाय.”