पंचमाची तार

ह्यांचं सारं आयुष्य गाण्याच्या अभ्यासात गेलं. स्वतः फारसे गायले नाहीत. जुन्या बंदिशी कुठून आल्या, एकच राग वेगवेगळ्या घराण्यांत कसा बदलत गेला, हे शोधत फिरले, कॉलेजात शिकवलं, पुस्तकं लिहिली. मी कुही तालुक्यातल्या खेड्यातली. चौथीनंतर आमच्या गावात शाळाच नव्हती. ह्यांच्या पुस्तकातलं एक पानही मला नीट समजलं नाही आणि त्यांनीही कधी समजावलं नाही. पाहुणे आले की मी चहा ठेवायची आणि दाराआड उभी राहायची.

आता पाहुणे येत नाहीत. शिकायला एकच मुलगी उरली होती, रविवारी यायची. सदरच्या बाजारात कपड्यांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी असते. एखाद्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी मिळावी एवढीच तिची इच्छा. अशा ठिकाणी ह्यांचा शब्द अजून चालतो, असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं.

एका रविवारी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "काकू, सरांचा तानपुरा सुरात लागून नाही राहिला." असं बोलताना तिने कानाच्या पाळीला हात लावला, गुरूचं नाव घेताना लावतात तसा.

ह्यांना कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं, पण त्यातून तानपुरा पत्र्यावर गोटे पडल्यासारखा ऐकू येतो, म्हणायचे. म्हणून तानपुरा लावताना मशीन काढून ठेवायचे, दांडीला हनुवटी टेकवायचे आणि हाडातून जे कळेल त्यावर खुंटी पिळायचे. खर्जाची जाड तार तशी कळायची. पहिली, पंचमाची, कळत नव्हती. ती नेहमी चढलेली राहायची.

"मग तू लावून घे ना," मी म्हटलं.

"सरांनी लावलेल्या खुंटीले हात लावू? त्यापेक्षा गाणं सोडलेलं बरं. तुम्ही सांगा ना काकू."

मी जेवताना विषय काढला. "तानपुरा लावताना मशीन राहू द्या ना कानात."

हे हसले. "तू कधीपासून तानपुरा लावून राहिली वं? आधी तुझ्या कुकरले सुरात शिट्टी शिकव."

मी भात वाढला. ह्यांच्यापुढे दुसऱ्यांदा बोलणं मला जमत नाही.

थंडीत ह्यांचं एका लहानशा हॉलात व्याख्यान ठरलं. बोलायचं ह्यांनी, गाऊन दाखवायचं तिने. मंचावर बसून ह्यांनी मशीन काढलं, हनुवटी टेकवली, खुंट्या पिळल्या. पुढच्या रांगेतली जाणती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला सूर कळत नाही, पण घासात खडा आला की कळतं, तेवढं मलाही कळलं. ह्यांच्या वयाच्या माणसाला भर सभेत कोण बोलणार.

मुलगी आपल्या सुरात गायला लागली. तानपुरा एकीकडे, ती दुसरीकडे. तोवर ह्यांनी मशीन परत कानात घातलं होतं. काय चुकतंय ते नाही, पण दोन्ही जुळत नाहीत एवढं त्यांना ऐकू गेलं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "तानपुऱ्याकडे लक्ष दे. उतरून राहिली तू." माइक सुरू होता.

"हो सर," ती म्हणाली आणि आपला चांगला सूर चढवून तिने त्या चुकलेल्या तारेला नेऊन मिळवला. मग तर गाणं गाणं राहिलंच नाही. संपल्यावर लोक ह्यांच्या पाया पडले, फार सुंदर झालं म्हणाले. तिच्याशी कोणी बोललं नाही.

"एवढी वर्षं शिकवलं, पण पोरीचा कान कच्चाच राहिला," घरी येताना ऑटोत हे म्हणाले. ती पुढे कमी यायला लागली, मग आलीच नाही.

मागच्या महिन्यात एका शाळेतून फोन आला. फोनवरचं ह्यांना अजिबात कळत नाही. मी ऐकते, ओरडून ह्यांना सांगते आणि ह्यांचं उत्तर पलीकडे कळवते. पलीकडे शाळेच्या मोठ्या बाई होत्या. मुलीने तिथे अर्ज केला होता आणि गुरू म्हणून ह्यांचं नाव दिलं होतं. तिच्याबद्दल सरांचं काय मत आहे, असं त्यांनी विचारलं.

मी फोनवर हात ठेवून ह्यांना सांगितलं.

"मेहनती आहे म्हणावं. पण सूर धरवत नाही तिले. शिकवायच्या कामाची नाही."

मी फोन परत कानाला लावला. "ते म्हणतात, पोरगी चांगली गाते. सुरात गाते. घ्या तिले."

"सरांशीच बोलता आलं तर बरं होईल. त्यांच्या तोंडून ऐकलं की आमच्या कमिटीला सांगता येतं."

"त्यांना ऐकू येत नाही जी."

मग बाईंनी विचारलं, "गाणंही?"

एकामागे दुसरं खोटं मला लगेच सुचत नाही. "गाणंही," मी म्हटलं.

"बरं. मग सरांचं मत राहू द्या," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. फोन बंद झाला.

हे माझ्याकडे बघत होते. "काय म्हणे?"

"ठीक आहे म्हणे."

"वाईट वाटेल पोरीले," हे म्हणाले. "पण सुराच्या बाबतीत खोटं नाही सांगवत मला." मग त्यांनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं आणि मला गवसणीतून तानपुरा काढायला खूण केली. मी काढून दिला.