मल्लिनाथचं वजन

मल्लिनाथच्या वजनाच्या दिवशी सोलापुरात ऊन पडलंच नाही. सकाळपासून वारा सुटलेला, आभाळ धुळीनं पिवळं, आणि उकाडा मात्र हटत नव्हता. पण त्या दिवसाचं सांगायचं तर आधीचं थोडं सांगावं लागतं. तालमीत किस्से कोणी ठरवून साठवत नाही. अंग पुसता पुसता एक बोलतो, दुसरा हसतो, आणि बोलणं मागं उरतं. मी तिथं आखाड्याची माती उकरायचो, भिजवायचो. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कोण काय बोललं ते ध्यानात आहे.

* * *

सत्तरच्या पुढची सालं असतील. आमचा इस्माईल पैलवान मुंबईहून प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला. वस्तादांनी, म्हणजे तालमीच्या गुरूंनी, डबा हलवून पाहिला, वास घेतला.

"हे म्हशीचं का गाईचं?"

"वस्ताद, हे डब्याचं!"

"मग वैरण काय घालतोस त्याला?"

* * *

आमच्यात रीत होती, नवा खुराक आला की पहिला घास मातीला. दूध असो, तूप असो. मी पावडरचे चांगले चार चमचे मातीत कालवले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर आखाडाभर मुंग्या! इस्माईल कडेला उभा राहून अंग खाजवतोय.

वस्ताद म्हणाले, "बघ, खुराक कुणाला लागला! आज त्यांच्याशीच धर कुस्ती."

* * *

इस्माईलचा त्या डब्यावर भारी जीव. दोन वेळा दुधातून घ्यायचा, आणि जोर-बैठका मात्र पंचविसावर थांबवायचा. महिन्याभरात पोट पुढं आलं. वर हौसेनं सांगायला गेला, "वस्ताद, वजन वाढलं की!"

"वाढलं ना? आता ते उचलायला एक माणूस ठेव."

* * *

मल्लिनाथ आमच्याच तालमीतला, दुधनी गावचा. गिरणीत बदली कामगार, बोलावलं तर काम. गिरणीच्या कुस्ती संघात बासष्ट किलोची एक जागा निघाली. घेतलं तर नोकरी कायम. आणि हा भरला चौसष्ट!

तालमीत काटा नव्हता. बाजारात ज्वारीची पोती तोलायच्या काट्यावर तो रोज जाऊन बसायचा. तिथला हमाल ओरडायचा, "पैलवान, पोतं फाटलं व्हय? आज कमी भरलं की!"

वस्तादांनी त्याची भाकरी बंद केली. नुसतं ताक, आणि अंगातली ताकद जाऊ नये म्हणून पावडर. आठ दिवसांत तालमीतला डबा संपला. मल्लिनाथ हळूच म्हणाला, "घरी एक डबा हाय. पार्वतीला बाळंतपणानंतर डॉक्टरनं दिलाय. ती म्हणती, तुमीच घ्या."

सगळे हसले. इस्माईल म्हणाला, "मग डिंकाचे लाडू पण आण, अन् कानाला फडकं बांध!"

मीही हसलो.

* * *

मग तो दिवस. गिरणीच्या काट्यावर मल्लिनाथ चढला. साहेबांनी वाकून पाहिलं. बासष्ट. त्यावर काही नाही. नाव लिहून घेतलं. वस्तादांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "धूळ लई हाय आज."

सगळ्यांनी मल्लिनाथला खांद्यावर घेतलं. मी पेढ्यांचा पुडा घेऊन पुढं निघालो. त्याची खोली आमच्याच चाळीत, म्हटलं घरी आधी सांगावं.

पार्वती उंबऱ्याशी बसली होती. बाळ छातीशी धरलेलं, तरी रडत होतं. मी सांगितलं तशी तिनं आधी हात जोडले. पेढा पुढं केला, तर हात मागं घेतला.

"हे येऊ द्यात, मामा. त्यांनी खाल्लं की मग."

"पोरी, तू जेवलीस कधी?"

"ह्यांचीच भाकर बंद हाय. मला एकटीला कशी जाईल?" असं म्हणून ती हसली. बाळाला थोपटताना तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या.

शेजारच्या रशीदाबी दारात येऊन उभ्या होत्या. माझ्या हातातल्या पुड्याकडे बघून त्या मला म्हणाल्या, "चाचा, पैलवानाचं दोन किलो समद्या तालमीनं मोजलं. हिचं किती गेलं, ते कुणी मोजलं?"