काकूंची लाकडी बंदूक

बंडाच्या धामधुमीत गल्लीतली सगळी दुकानं बसली, फोटोकाकूंचा स्टुडिओ मात्र जोरात चालला. बंडखोर डोंगरातून उतरले की आधी फोटो काढायला धावायचे. नवरा गेल्यापासून काकू एकट्याच कॅमेरा सांभाळत, आणि त्यांचा एक नियम कुणाच्या बापाला मोडता येत नसे: खरी बंदूक उंबऱ्याबाहेर. एका शूरवीराच्या हातून गोळी सुटून पडद्यावर रंगवलेल्या हंसाच्या पोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून पुरुषांना सुताराकडून करवून घेतलेली लाकडी बंदूक. बायकांना मात्र पहिल्यापासून खुर्ची आणि कागदी फुलं. यात काही वावगं आहे असं काकूंच्या कधी मनातही आलं नव्हतं.

एके सकाळी खुद्द म्होरक्या आला. वर्तमानपत्राला त्याचा फोटो हवा होता. बरोबर तुकडीतली एक उंच मुलगी होती. काकूंकडे फोटो उमटवायची काच उरली होती एकच. नवा माल ज्या पुलावरून यायचा, तो याच मंडळींनी उडवला होता.

काकूंनी सवयीनं मुलीला खुर्चीत बसवून हाती फुलं दिली. तिनं ती परत केली.

"फुलं नकोत, काकू. गावात बोलतात, मी कुणाचा तरी हात धरून पळाले. आई तोंड लपवून फिरते. मी काय करतेय ते तिला दिसू दे एकदा."

"पेपरात फोटो माझा यायचाय," म्होरक्या मिशी पिळत म्हणाला.

"आणि गोळी लागली तेव्हा नदीतून पाठीवर कुणी आणलं तुला?" मुलीनं विचारलं.

म्होरक्या छत न्याहाळू लागला.

काकूंना स्वतःचीच लाज वाटली. आजवर किती जणींच्या हातांत आपण ही फुलं कोंबली! त्यांनी म्होरक्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, मुलीला मागे उभं केलं आणि लाकडी बंदूक तिच्या हाती दिली.

"पाच म्हणेपर्यंत हलायचं नाही. हलला तो पुसला गेला म्हणून समजा."

मुलगी जागची ढळली नाही. म्होरक्या गप्प बसेल तर शपथ! तीनला त्यानं मिशी सावरली, चारला "मी उभा राहिलो असतो तर" म्हणत मान वळवली.

आठवड्यानं पेपर आला. खुर्चीत नुसता धुरळा आणि मागे मुलगी, पापण्या मोजाव्यात इतकी स्पष्ट. म्होरक्यानं येऊन थयथयाट केला. "पेटीभर काचा आण, पुन्हा काढते," म्हणून काकूंनी त्याला वाटेला लावलं. बिचाऱ्यानं खरंच आणल्या.

त्यातली पहिली काच त्याच्या वाट्याला आलीच नाही. पेपराची घडी छातीशी धरून एक बाई दारात उभी राहिली. तीच उंची पाहून काकूंनी ओळखलं, ही त्या मुलीची आई.

"पोर कुठं उभी होती हो?"

काकूंनी जागा दाखवली. बाई नेमकी तिथंच जाऊन उभी राहिली.

"वाळलीय. जेवते ना नीट?"

"धडधाकट गडी पाठीवर वाहते, म्हणजे जेवत असणारच."

बाई खुदकन हसली. मग तोंडावर ओढलेला पदर तिनं मागे सारला.

"माझाही काढा. तिला पाठवायचाय. आणि ती बंदूक द्या इकडं."

पाचापर्यंत बाई तसूभरही हलली नाही. काकूंनी काच काढून घेतली आणि कागदी फुलं उचलून अडगळीत टाकली.