मामेसासरे आणि समुद्राचा गॅस

माझे मामेसासरे स्वयंपाकघरात आले, की यवतमाळात समुद्र येतो. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ते. पोळी फुगली रे फुगली, की चिमटा रोखून म्हणणार, "पाहा जवाईबापू! समुद्राच्या तळाशी बारीक जीव मेले, गाळात गाडले गेले, वरून थर चढले, उष्णता लागली, झाला गॅस! तो फटीफटीनं वर सरकते, अन् वर घट्ट खडक भेटला का तिथंच अडकते." तोवर पोळी करपते आणि मामी कपाळाला हात लावतात. एका लग्नाच्या पंगतीत तर मठ्ठ्यात नळी फुंकून त्यांनी हेच समजावलं, आणि वाढपी बिचारा पातेलं धरून ऐकत उभा!

वणीकडचा चुनखडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, तेव्हा तिथं कुठंतरी गॅस असणारच, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. सहकारी हसले, विद्यार्थी हसले. हा गडी ढिम्म! कुठल्या विहिरीत बुडबुडे दिसल्याचं कानावर आलं, की पिशवीत बाटली टाकून स्वारी एसटी स्टँडवर.

गेल्या उन्हाळ्यात तिकडच्याच एका सरपंचांचा फोन आला, "सर, आमच्या विहिरीले गॅस लागला जी!" मामांनी मलाही ओढत नेलं. काठावर अख्खं गाव, नारळ, हळदकुंकू आणि मामांसाठी हार. ते पायऱ्या उतरले, बाटली पाण्यात उपडी धरून बुडबुडे गोळा केले, वर येऊन काडी लावली. भक्कन निळी ज्योत! गावानं आरोळी ठोकली. सरपंच हार घेऊन पुढं झाले, तेवढ्यात मामांनी आपले ओले हात हुंगले. चेहराच उतरला त्यांचा. तडक चढावरच्या गोठ्यामागं गेले. तिथली गोबरगॅसची टाकी तडकली होती. शेणाचं पाणी झिरपून विहिरीत उतरत होतं, आणि गाव तेच पीत होतं.

"हार राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "हा शेणाचा गॅस आहे. लेकराइले हे पाणी पाजू नका."

परतताना एसटीत न राहवून मी म्हटलं, "मामा, हार तरी घालून घ्यायचा होता."

"कायले? लेकरं पाणी पिऊन राह्यले होते ना!"

मारेगाव मागं पडलं. मग खिडकीकडं तोंड करून ते हळूच म्हणाले, "पण काडी पेटली ना, तवा मले वाटलं... समुद्र आला बाप्पा."

यवतमाळ येईस्तोवर मी त्यांचा हात धरून बसलो.