चामड्याची चप्पल आणि तीन मिनिटं चाळीस सेकंद

आमच्या कोराडीच्या कॉलनीत, आमच्या जिन्यावर तरी, कुणी दाराबाहेर चपला ठेवत नाही. कारण आमचा कुत्रा. सहा वर्षांत त्याने तिन्ही मजल्यांवरच्या चपला चावून पाहिल्यात. त्याला पहिला झटका आला तेव्हा त्याच लोकांनी आपणहून त्याच्या नाकाशी चपला आणून धरल्या.

रविवार होता. पोहे खाता खाता पाहिलं तर कुत्रा आडवा पडलेला, पाय ताठ, तोंडाला फेस, खाली लघवी. नवरा ओरडला आणि शेजारच्या मावशी धावत आल्या.

"मिरगी होय वं ही! चप्पल हुंगव त्याले!"

मी माझी पुढे केली.

"रबराची काय कामाची? चामड्याची पाहिजे."

अख्ख्या जिन्यात चामड्याची चप्पल निघेना. फोमची चालेल का, यावर चर्चा झाली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी लग्नकार्यासाठी जपलेली कोल्हापुरी पिशवीतून काढली. तोवर कुत्रा जीभ गिळेल म्हणून नवऱ्याने त्याच्या दातांत चमचा घातला आणि बोट चावून घेतलं. झटका आपोआप थांबला. श्रेय कोल्हापुरीला मिळालं.

शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती मिनिटं चाललं?"

नवरा म्हणाला, "अर्धा तास." मी म्हणाले, "दोन मिनिटं." सहा माणसं हजर होती, घड्याळ एकानेही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी नवऱ्याच्या बोटाकडे पाहिलं. "कुत्रा जीभ गिळत नाही. तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका, दाबून धरू नका. सामान बाजूला करा, आवाज बंद करा, वेळ मोजा. जमलं तर मोबाइलवर शूटिंग करा. पाच मिनिटांवर गेलं किंवा लागोपाठ झटके आले, तर तसाच उचलून आणा. गोळ्यांचं पुन्हा झटका आला तर बघू. इंजेक्शन मात्र तुम्ही आजच घ्या."

दीड महिन्याने, भर दुपारी, पुन्हा झटका आला. मी टीव्ही बंद केला, तिवई ओढली, मोबाइल सुरू केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिले.

"कुत्रं मरून राहिलं अन् तू टाइम पाहून राहिली?" नवरा म्हणाला.

"गाडीची चाबी घ्या अन् दारात उभे राहा."

मावशी दारात हजर होत्याच. "दगडाची आहेस काय वं तू? हात तरी फिरव त्याच्यावर!"

"मावशी, जरा चूप बसता काय?"

दोन मिनिटं. कोळशाच्या ट्रकांमागून डॉक्टरांपर्यंत पोचायला पाऊण तास लागतो, तेच डोक्यात होतं. तीन मिनिटं. नवरा चाबी घेऊन जिन्यापर्यंत जाऊन आला. आणखी चाळीस सेकंद, आणि पाय सैल पडले.

तो उठला, भिंतीला धडकला. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहिलंही नाही. थोडा वेळ असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मी तीनदा हाक मारली.

दहाएक मिनिटांनी त्याने नाक वर केलं. झोकांड्या खात माझ्या बाजूने पुढे गेला आणि मावशींच्या हातातली चप्पल ओढून टेबलाखाली घेऊन गेला. नवी, चामड्याची. अशा प्रसंगाला घरात असावी म्हणून मावशींनी इतवारीच्या बाजारातून मुद्दाम आणलेली.

"पाहा! चप्पलीनंच शुद्धीवर आला," मावशी म्हणाल्या. मग खाली वाकून पाहिलं. "अगं बाई, चप्पलीचा अंगठा तोडला वं मेल्यानं!"

मी डॉक्टरांना फोन लावला. "तीन मिनिटं चाळीस सेकंद," मी म्हणाले, आणि शूटिंग पाठवलं. गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. शूटिंगमध्ये ओरडणाऱ्या बाई कोण, हेही त्यांनी विचारलं.